झडीखालचं भोक

कर्णिकबाई फायरप्लेससमोर जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात पेटलेली उदबत्ती होती. मला वाटलं, मी तिथं बसवलेल्या लाकडं जाळायच्या पेटीची पूजा चालली आहे. म्हटलं, चला, महिनाभर डोकं खाल्ल्यावर बाईंना माझ्या कामाची किंमत तरी कळली.

“मिस्त्री, हा धूर कुठं चाललाय?” त्यांनी विचारलं.

“वर चाललाय.”

“वर जाणारच, धूर आहे तो. आता बघा.” त्यांनी उदबत्ती पेटीच्या काचेच्या दाराजवळ नेली. धुराची रेघ वाकली आणि दाराच्या फटीतून आत ओढली गेली. “म्हणजे तुमची पेटी अजून खोलीतलीच हवा खातेय. आपलं काय ठरलं होतं?”

“बाहेरची हवा द्यायची.”

“मग ही फट कशाला ठेवलीत?”

“बाई, जेमतेम एक सूत फट आहे.”

“आतून ओढ लागली की एक सूतही पुष्कळ असतं. दार काढा आणि फट बुजवणारी कडेची दोरी नीट बसवून आणा.”

मी दार काढलं. ते दार काढायची ही तिसरी वेळ. माझा कारागीर माझ्याकडे बघून हसू दाबत होता. मला बाईंचा असा राग आला की सांगता सोय नाही.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. महाबळेश्वरच्या बाजारामागच्या गल्लीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टाकीचे स्टँड असली कामं मी करायचो. हात चांगला होता आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं. सणस मिस्त्री म्हटलं की कोणत्याही बंगल्याचा माळी फाटक उघडायचा.

कर्णिकबाई मुंबईच्या कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान रेल्वेत मोठे साहेब होते. साहेबांची फुप्फुसं खिळखिळी झाली होती, चार पावलं टाकली की दम लागायचा. डॉक्टर म्हणाले होते, दमट हवेपासून लांब राहा. आणि साहेबांनी हट्ट धरला काय, तर लहानपणी सुट्टीत जिथं यायचो तिथंच राहायचं! दादरची जागा विकून दोघं इथं आले. पावसाळ्यात आमच्याकडची बंगलेवाली मंडळी कुलपं लावून खाली पळतात. हे दोघं उलटे, वर येऊन राहिले.

पावसाळ्यात दोन-दोन, तीन-तीन दिवस वीज नसते, म्हणून विजेचा हीटर उपयोगाचा नव्हता. बंगल्यात दगडी फायरप्लेस होती, पण ती पेटवली की निम्मा धूर खोलीत, आणि साहेबांच्या छातीला धूर म्हणजे विषच. तेव्हा बाईंनी कुठकुठली पुस्तकं वाचून एक नकाशा काढला. फायरप्लेसच्या खोबणीत बरोबर बसेल अशी पोलादी पेटी, तिला काचेचं घट्ट दार, वर धुराड्यात गेलेला पाईप. लाकूड पेटीत जळणार, ऊब खोलीत येणार, धूर वर जाणार. इथवर मला पटलं होतं. पण त्यांना आणखी एक पाईप हवा होता, पेटीतून निघून भिंतीतून थेट बाहेर जाणारा.

“हा कशाला?” मी विचारलं होतं.

“जाळाला हवा लागते, मिस्त्री. यांना गारठा लागू नये म्हणून मी हे घर बंद केलंय. खिडक्यांना रबर, दारांना पट्ट्या, वर छताला आतून फळ्या. मग जाळ हवा कुठून आणणार? तो आमच्या नाकासमोरची ओढणार. आणि तीही पुरली नाही की गुदमरणार.”

“जाळ गुदमरला तर विझेल.”

“विझला तर बरंच. पण तो धुमसतो. धुमसताना जो वायू सोडतो त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला वाटतं, झोप येतेय.”

“आमच्या आज्या-पणज्यांनी चुली पेटवल्या, त्यांनी कुठं हवेला पाईप घातला होता?”

“त्यांच्या डोक्यावर कौलं होती आणि कौलांना फटी होत्या,” बाई म्हणाल्या. “माझ्या घराला नाहीत.”

मग काय, दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीला चार इंची भोक पाडताना मी आणि कारागीर दोन दिवस घामाघूम झालो. आणि दुखणं असं की ते भोक नेमकं नैर्ऋत्येच्या भिंतीत आलं, जिथून आमच्याकडे पाऊस आडवा येतो. त्याच्या तोंडावर खाली वाकलेली, जाळी लावलेली पत्र्याची टोपी बसवायची असं ठरलं. हवा येईल, पाणी येणार नाही.

“आठ दिवसांत आणतो,” मी म्हटलं.

मे महिन्याच्या शेवटी झडीवाले आले. ज्यांनी आमचा पावसाळा पाहिला नाही त्यांना झडी म्हणजे काय ते सांगायला हवं. पावसाचा मारा ज्या भिंतीवर बसतो, तिला आम्ही गवताचा सदरा घालतो. कामट्यांचा सांगाडा, त्यावर डोंगरावरचं लांब गवत, वरून सुंभाची बांधणी. चार महिने भिंत त्याआड राहते आणि दसरा-दिवाळीला झडी सोडतात. ज्यानं बांधली त्यानंच ती सोडायची आणि गवत, कामट्या घरी न्यायच्या, अशी रीत आहे. पूर्वी नुसतं गवत असायचं. आमच्या त्या दिवसांत त्याखाली काळं प्लास्टिक घालायची पद्धत पडली होती.

धाकूमामा ढेबे हे झडीवाल्यांतलं मोठं नाव. साठीचा माणूस, काटकुळा, पण शिडीवर चढला की माकडानं शिकून घ्यावं. बरोबर त्यांची विधवा सून अनसाबाई. ती खालून गवताच्या पेंढ्या फेकायची, ते वर झेलायचे. बऱ्याच बंगल्यांची झडी त्यांना माझ्या शब्दावर मिळाली होती, कर्णिकांचीही. त्या दिवशी मी पेटीचं दार बसवून बाहेर आलो तर मामा शिडीवर थांबलेले.

“मिस्त्री, ह्या भोकाचं काय करू? उघडं ठिवू?”

मी टोपी केलेली नव्हती. आठ दिवसांचे वीस दिवस झाले होते.

“घाला झाकून,” मी म्हटलं.

“बाई म्हनल्या व्हत्या, त्येला हात लावू नगा.”

“बाईंना काय कळतंय? पाणी आत गेलं की पेटी गंजणार ती माझी, नाव जाणार ते माझं. टोपी आणली की मी एवढी खिडकी कापून घेईन.”

“बगा बुवा.” मामा डोकं खाजवत शिडीवर उभेच राहिले. “हितं लाकडं पेटवायची हाईत म्हंत्यात.”

“मामा, तुम्हाला काम कुणी दिलं? बाईंनी का मी?”

“तुमीच की.”

“मग झालं तर.”

त्यांनी काळं प्लास्टिक भोकावरून ओढून घेतलं, वर गवताची पेंढी दाबली आणि गाठ मारली. मी कारागिराला घेऊन जीपनं निघालो. मनातून मला बरं वाटत होतं, हे मी आज कबूल करतो. बाईंनी मला तीनदा दार काढायला लावलं होतं. एका तरी गोष्टीत माझा शब्द चालला.

टोपी मी केली नाही. एका हॉटेलचं साठ फुटी कठड्याचं काम आलं, पाऊस सुरू व्हायच्या आत ते उरकायचं होतं. मग पाऊस सुरू झाला. जूनमध्ये बाईंचा फोन आला, “मिस्त्री, टोपीचं काय?” मी म्हटलं, “दोन दिवसांत.” त्यांनी “बरं” म्हणून फोन ठेवला. आळशाला गंगा दूर म्हणतात, मला तर बंगला गावातल्या गावात होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस वीज गेली. धुकं इतकं की बाजारात दिवसा गाड्यांचे दिवे लागलेले. सकाळी अकराच्या सुमाराला अनसाबाई धावत वर्कशॉपवर आली. पायात चप्पल नाही, डोक्यावरचं इरलं वाटेत कुठं तरी पडलेलं.

“मिस्त्री, जीप काढा! कर्णिकाच्या घरात मान्सं उठंनात!”

रस्त्यात तिनं तुटक तुटक सांगितलं. शेजारच्या बंगल्याची झडी वाऱ्यानं सुटली होती, ती बांधायला दोघं निघाली होती. कर्णिकांच्या दारात दुधाचं भांडं तसंच. मामांनी हाका मारल्या, आतून ओ नाही. मग त्यांनी कोयत्यानं काच फोडली.

आम्ही पोचलो तेव्हा मामा साहेबांना पाठंगुळी घेऊन व्हरांड्यात येत होते. साहेबांची मान त्यांच्या खांद्यावर नुसती लोंबत होती आणि गाल लालबुंद दिसत होते, जसे काही तरणेताठे. मामांनी आधी बाहेर आणलेल्या बाई पायरीवर ओकत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं की नाही कळलं नाही.

मी आत डोकावलो. पेटीची काच काजळीनं काळी ठिक्कर. आत ज्वाळा नव्हती, नुसते निखारे धुमसत होते. एका बघण्यात मला सगळं समजलं. मी दाराची चौकट धरून तसाच उभा राहिलो.

“मिस्त्री, चला! बगत काय ऱ्हायला!” मामा ओरडले.

दोघांना जीपमध्ये घालून इथल्या दवाखान्यात नेलं. तिथं ऑक्सिजन लावला आणि तिथून ॲम्ब्युलन्सनं साताऱ्याला. बाई संध्याकाळपर्यंत पूर्ण भानावर आल्या. साहेबांचं डॉक्टर काही सांगेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा शिरीष मुंबईहून आला. साताऱ्यात आई-वडलांना पाहून तो बंगल्यावर आला आणि आम्हाला बोलावून घेतलं. मी, धाकूमामा, अनसाबाई, शेजारचे दोन माळी आणि एक पोलीस हवालदार असे आम्ही त्या नैर्ऋत्येच्या भिंतीपाशी भिजत उभे होतो. शिरीषला आईचा नकाशा माहीत होता. तो चालत भिंतीशी गेला आणि दोन्ही हातांनी गवत उपसायला लागला. गवत निघालं, खाली काळं प्लास्टिक. त्यानं ते टराटरा फाडलं. आत माझं चार इंची भोक.

“हे कुणी झाकलं?” त्यानं विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मागणी नव्हती त्या बघण्यात, रागही नव्हता. नुसतं पाहिलं, की आता हा बोलेल. मी भोकाकडे बघत राहिलो. माझ्या डोक्यात एकाच वेळी किती गोष्टी येऊन गेल्या! हवालदार, वर्कशॉप, दोन मुलं, हॉटेलवाल्यांची कामं. मी तोंड उघडलं होतं, हे देवाशपथ सांगतो. पण आवाज बाहेर आला नाही.

“झडी म्या बांधली, सायेब,” मामा म्हणाले.

“डोळे फुटले होते का तुझे? भोक दिसलं नाही?”

“दिसलं व्हतं.”

शिरीषनं त्यांच्या छातीवर हात मारून मागं ढकललं. मामा चिखलात बसले. ज्यांनी त्याच्या बापाला पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं, ते मामा. अनसाबाई पुढं झाली, काही बोलणार होती. मामांनी तिचा हात धरून तिला मागं ओढलं. मी तिथंच, चार हातांवर, उभा होतो.

हवालदारानं जबाब घेतला. मामांनी अंगठा दिला. पुढं ते प्रकरण अपघात म्हणून मिटलं. साहेब मात्र तिसऱ्या दिवशी गेले.

बाजारात दोन दिवसांत एकच बोलणं झालं, धाकूनं भोक बुजवलं आणि म्हातारा मेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि चोर रोज त्याच बाजारात चहा पीत होता. कुणी माझ्यासमोर मामांना शिव्या दिल्या तर मी म्हणायचो, “जाऊ द्या हो, माणूस चुकतो.” लोकांना वाटायचं, मिस्त्रीचं मन मोठं.

मला झोप लागेना. जेवायला बसलो की घास फिरायचा. बायकोनं विचारलं तर तिच्यावर खेकसायचो. सांगायचं ठरवून दोनदा मामांच्या वस्तीकडे निघालो आणि दोन्ही वेळा ओढ्याच्या अलीकडून परतलो. एकदा तर मनात असंही आलं की मामांनी स्वतःहूनच सांगितलं ना, मग मी काय करणार? हे मनात आल्याची मला आजही लाज वाटते.

दसऱ्याला झड्या सोडायची वेळ आली. रीत मोडून लोकांनी धाकूमामांनी बांधलेल्या झड्या दुसऱ्यांकडून सोडवून घेतल्या. कुणी त्यांना बोलावलंच नाही. पुढच्या वर्षी बांधायला बोलावतील ही आशा तिथंच संपली.

त्याच सुमाराला कर्णिकबाई मुंबईहून एकट्या परत आल्या आणि त्यांचा फोन आला.

“मिस्त्री, पेटी काढून न्या.”

कारागिराला न घेता मी एकटाच गेलो. बाई निम्म्या झाल्या होत्या. साहेबांची खाट अजून फायरप्लेससमोरच होती. मी पाने-हातोडे खाली ठेवले आणि पेटीला हात न लावता उभा राहिलो.

“बाई, मला एक सांगायचंय.”

“सांगा.”

“ते भोक धाकूमामांनी आपल्या मनानं झाकलं नाही. मी सांगितलं म्हणून झाकलं. ते नको म्हणत होते, तुमचं नाव काढत होते. मी ऐकलं नाही.”

एका दमात बोलून टाकलं आणि वाट बघत राहिलो. मला वाटलं होतं बाई रडतील, ओरडतील, चालते व्हा म्हणतील. त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“मामांनी सांगितलं?”

“नाही. मी त्या दिवशी मागच्या खिडकीत होते. तुम्ही काय म्हणालात ते सगळं ऐकलं. बाईंना काय कळतंय, तेही.”

माझे कान तापले.

“तेव्हाच बाहेर यायला हवं होतं मी,” बाई म्हणाल्या. “पण तुमच्याशी भांडून भांडून दमले होते, मिस्त्री. म्हटलं, आठवड्यात टोपी बसेल. मग फोन केला तर तुम्ही दोन दिवस म्हणालात. मला कळलं, हा काही येत नाही. धाकूला हाक मारून तेवढं गवत कापून घेतलं असतं तरी काम झालं असतं. आज-उद्या करत राहिले.”

“पण मग पेटी पेटवली कशी?”

“चार दिवस वीज नव्हती. यांचे दात वाजत होते. भोक झाकलेलं आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी ही खिडकी वीतभर उघडी ठेवली, पेटीचं दार किंचित किलकिलं ठेवलं आणि मग पेटी पेटवली. तीस वर्षं शिकवलंय हो मी हे. हवा येत होती, जाळ छान होता. मग वारा फिरला आणि पावसाचं पाणी यांच्या अंगावर यायला लागलं. हे म्हणाले, मालू, खिडकी लाव, गारठलो. मी म्हटलं दहा मिनिटं लावते, सर ओसरली की उघडते.” त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “मी लावली, मिस्त्री. खिडकी मी लावली. आणि मला झोप लागली.”

त्यांनी खाटेवरची चादर सारखी केली.

“शिरीषला सांगितलंत?” मी विचारलं.

“कसं सांगू? बाबांना आईनं मारलं म्हणेल तो. धाकूचं नाव तिथं आयतंच होतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही गप्प बसलात तसंच मीही बसले. तुम्ही तर दहावी, मी डॉक्टरेट. त्या माणसाला अंगठ्यापलीकडे काही येत नाही, आणि भोक झाकू नये हे त्याला आपल्या दोघांच्या आधी समजलं होतं.”

मग त्या उठल्या, काठी घेतली. “चला.”

“कुठं?”

“त्याच्या घरी. मला रस्ता माहीत नाही, तुम्हाला असेल.”

मला दोनदा अर्धा माहीत झालेला रस्ता होता तो. या वेळी ओढा ओलांडला. वस्तीवर अनसाबाई अंगणात शेणानं सारवत होती. मामा दिसले नाहीत. आम्हाला बघून ती उठली, पण या बसा म्हणाली नाही.

“मामा कुठं गेलेत?” मी विचारलं.

“वाशीच्या मार्केटात. हमालीला.”

“या वयात?”

बाईंनी तिथं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मी काय बोललो होतो ते, त्यांनी काय ऐकलं होतं ते, खिडकीचं. काहीही लपवलं नाही. शेवटी त्यांनी हात जोडले तेव्हा काठी खाली पडली.

अनसाबाईनं काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

“बाई, तुमचं मला ठावं नव्हतं. पर मिस्त्रीचं ठावं हाय. मामंजींनी त्याच दिशी सांगितलं. मी म्हनलं, मग बोलला का न्हाई? तर म्हनले, मिस्त्रीची लेकरं ल्हान हाईत, वर्कशापाला टाळं लागंल. आपलं काय, डोंगरावर गवत हाय तंवर उपाशी मरत न्हाई.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “गवत हाय की अजून. बांधाय भिंत कोन देत न्हाई.”

मी तिच्या पाया पडायला वाकलो. ती दोन पावलं मागं सरली.

“माज्या पाया नगा पडू. माज्यापुढं कशाला सांगता, मला ठावंच हाय. बाईंनी त्यांच्या ल्योकाला सांगावं आन् तुमी बाजारात सांगा. जितं मामंजींचं नाव गेलं तितं.”

बाईंनी त्याच संध्याकाळी शिरीषला फोन लावला. मी समोर होतो. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्या दिवाळीला तो आला नाही, पुढच्या दिवाळीलाही नाही. बाई मरेपर्यंत त्या बंगल्यात एकट्या राहिल्या. त्यांनी मला कधी दोष दिला नाही आणि कधी घरी बोलावलंही नाही.

माझी पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. गफूरभाईच्या हॉटेलात त्या वेळी अख्खा बाजार असतो. बंगल्यांचे माळी, टॅक्सीवाले, भाजीवाले, झडीची कामं देणारे मुकादम. मी आत गेलो आणि बसलो नाही.

“सगळ्यांनी ऐका. कर्णिकांच्या घराचं भोक धाकूमामांनी आपल्या मनानं झाकलं नव्हतं. मी सांगितलं म्हणून झाकलं. टोपी करायची होती ती मी केली नाही. साहेब माझ्यामुळं गेले. मामांचा काडीचा दोष नाही.”

गफूरभाईनं हातातली किटली खाली ठेवली. मला वाटलं, आता कुणी तरी उठेल, माझी कॉलर धरेल, निदान थुंकेल तरी. मी तयार होतो. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

भेकवलीकडचे एक म्हातारे नाना कोपऱ्यात बसलेले असायचे. ते हळूच मान हलवत म्हणाले, “बघा रे पोरांनो. एका गरिबावरचा आळ माणूस आपल्या अंगावर घेतोय. असं काळीज लागतं.”

“नाना, आळ नाही! खरं आहे ते!” मी ओरडलो.

“असू दे, असू दे,” नाना म्हणाले. “आम्हाला कळतंय.”

“पोलिसांपुढं धाकूनं सवता अंगठा दिलाय की,” एक टॅक्सीवाला म्हणाला. “खरं असतं तर मिस्त्री तेवाच बोलला असता की.”

“बाईंना विचारा! त्यांनी ऐकलंय!”

“बाई बिचारी दुःखात हाय. ती काय, कुनालाबी माफ करंल.”

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. मामा शिडीवर कसे थांबले, मी काय बोललो, शब्दाला शब्द. ते ऐकत होते, मान डोलवत होते आणि जितकं मी सांगत होतो तितकी त्यांच्या डोळ्यांत माझी किंमत वाढत होती. कुणी तरी मला खांद्याला धरून बाकावर बसवलं, कुणी तरी पाण्याचा ग्लास पुढं केला. मुकादमाला मी विचारलं, पुढच्या मे महिन्यात मामांना झडी द्याल ना? तो म्हणाला, “बगू की, मिस्त्री. तुमी म्हनताय म्हनून बगू. पर लोक भेत्यात हो.” त्याच्या ‘बगू’मध्ये काही नव्हतं. धाकूमामा वाशीलाच राहिले आणि दोन वर्षांनी तिथंच गेले.

उठताना मी खिशात हात घातला. गफूरभाईनं माझा हात धरला. त्या दिवशी चहाचे पैसे माझ्याकडून कुणी घेतले नाहीत.